मृगाच्या आधी

वैशाखातल्या सह्याद्रीत फुलं बघायला सहसा कुणी जात नाही. पळस आणि पांगारा केव्हाच फुलून गेलेले असतात, घाटमाथ्यावरचं गवत करपलेलं असतं. भाद्रपदात ज्या सड्यावर फुलं चुकवत पाय टाकावा लागतो, तिथला जांभा दुपारी हाताला चटका देतो. ऑर्किडच्या शोधात हिंडणाऱ्यांचं वर्ष मात्र याच दिवसांत सुरू होतं. गेल्या पावसाळ्यातल्या वह्या बाहेर निघतात, भिंग पुसून ठेवलं जातं आणि फोनवर चौकशा सुरू होतात. आंबोलीला वळीव झाला का? राधानगरीकडे ढग भरून येतायत का? महाबळेश्वरच्या वाटेवरची ती जुनी जांभळाची झाडं यंदा तरी शाबूत आहेत ना?

ऑर्किड म्हटलं की आपल्याकडे सिक्कीम किंवा अरुणाचल आठवतं, नाही तर लग्नाच्या मंडपातली ती जांभळी, टिकाऊ फुलं डोळ्यांसमोर येतात. पण जगात या कुळाच्या सुमारे २८,००० जाती आहेत, भारतात साडेबाराशेच्या आसपास, आणि त्यांतल्या शंभराहून अधिक आपल्या महाराष्ट्रात रानोमाळ उगवतात. काही झाडांवर राहतात, काही कातळावर, काही थेट मातीत. आमरी हे या कुळाचं मराठी नाव पुस्तकांत सापडतं. गावागावांत मात्र लोक ज्या चार-दोन जातींशी त्यांचा संबंध येतो त्यांनाच नावं देतात, बाकीच्या बिननावाच्याच राहतात.

अशी फुलं सापडणं हा नशिबाचा भाग आहे, असं पुष्कळांना वाटतं. मला तसं वाटत नाही. प्रत्येक जातीची उमलायची वेळ ठरलेली असते, जागा ठरलेली असते, आणि त्या दोन्हींची माहिती आधी जमवली तरच फूल पदरात पडतं. ही जमवाजमव करायचा काळ म्हणजे उन्हाळ्याचे शेवटचे आठवडे. म्हणून मला हे दिवस ऐन पावसाळ्याइतकेच मोलाचे वाटतात.

सुरुवात करावी ती झाडांपासून. झाडावर राहणारी ऑर्किडं उन्हाळ्यात लपत नाहीत. उलट पानगळीच्या झाडांवर ती आता जास्त नीट दिसतात. ऐन, आंबा, जांभूळ, उंबर ही त्यांची आवडती झाडं. ऐनाची साल जाड आणि खोल भेगांची असते. त्या भेगांत ओल थोडी जास्त टिकते, पालापाचोळ्याची माती साठते, बी अडकतं. दरवर्षी साल सोलून टाकणाऱ्या गुळगुळीत झाडावर ऑर्किड बघायला मान मोडून घेण्यात अर्थ नाही. कोणतं झाड बघायचं आणि कोणतं सोडायचं हे एकदा कळलं की निम्मी पायपीट वाचते.

मग बघायची ती मुळं. झाडावरच्या ऑर्किडची मुळं फांदीला घट्ट चिकटलेली, जाड आणि राखाडी-रुपेरी दिसतात. हा रुपेरी रंग मुळाच्या बाहेरच्या आवरणाचा. त्यातल्या पेशी मेलेल्या आणि पोकळ असतात, हवेनं भरलेल्या. पाणी लागलं की त्या ते झपाट्यानं शोषून घेतात आणि पारदर्शक होतात. मग आतला हिरवा थर दिसू लागतो. हाताच्या उंचीवर असं मूळ सापडलं तर बाटलीतल्या पाण्याचे दोन-चार थेंब त्यावर सोडून बघा. डोळ्यांदेखत राखाडी मूळ हिरवं होतं. आठ महिने पावसाचा थेंब नसताना ही झाडं कशी तगतात, याचं निम्मं उत्तर त्या आवरणात आहे. उरलेलं निम्मं त्यांच्या जाड पानांत आणि फुगीर खोडांत साठवलेल्या पाण्यात.

कोकणात आणि घाटावरही एक समज घट्ट आहे की आंब्याच्या फांदीवर जे काही उगवेल ते बांडगूळ, आणि ते कोयत्यानं उतरवायचंच. खरं बांडगूळ वेगळं. ते फांदीच्या लाकडात मुळं घुसवतं, झाडाचं पाणी आणि क्षार ओढून घेतं आणि जिथं चिकटतं तिथं फांदीला गाठ येते. ऑर्किडची मुळं सालीवरच राहतात. ती झाडाकडून फक्त बसायला जागा घेतात. पावसाचं पाणी, हवेतली धूळ, कुजलेला पाला एवढ्यावर त्यांचं भागतं. आंबोलीच्या पायथ्याच्या एका गावात एका आजोबांच्या परड्यात आंब्यावर लोंबणारा तुरा मी खालून बघत होतो, तर ते म्हणाले, "हिका हात लावू नको झिला. सीतेची येणी ती. आंब्याक काय करणा नाय." चाळीस-पन्नास वर्षं त्या आंब्यावर ती फुलत होती आणि आंबाही धरत होता. त्या एका वाक्यात जे वनस्पतिशास्त्र होतं ते कितीतरी बागायतदारांपर्यंत अजून पोहोचलेलं नाही.

ही सीतेची वेणी, म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युजा, हंगामाची नांदी करते. मे महिना उतरणीला लागला की जाड, खोलगट पानांच्या बेचक्यातून तिचे तुरे खाली सुटतात. एकेका तुऱ्यावर दाटीवाटीनं पांढरी फुलं आणि त्यांवर गुलाबी-जांभळे ठिपके. तिकडे आसामात हेच फूल कपौ म्हणून ओळखलं जातं, बिहूच्या दिवसांत मुली ते केसांत माळतात आणि ते त्या राज्याचं राज्यपुष्प आहे. आपल्याकडे तिच्या जोडीला त्याच सुमारास एरिडिस मॅक्युलोसा फुलते. तिची फुलं गुलाबी आणि गंध गोड. ही जात भारताच्या द्वीपकल्पाबाहेर कुठेच नाही. रास्ना म्हणून जिची मुळं औषधात वापरतात ती व्हँडा टेसेलाटाही उन्हाळ्यात फुलते, पिवळट-तपकिरी पाकळ्यांवर चौकटींची नक्षी आणि निळसर-जांभळी ओठपाकळी घेऊन. म्हणजे पहिल्या पावसाची वाट बघत घरी बसणाऱ्याची हंगामातली तीन सुंदर फुलं चुकलेलीच असतात.

आता प्रश्न असा की एका ऐनावर दहा झुबके आणि शेजारच्या तशाच ऐनावर एकही नाही, हे का? याचं उत्तर बियांत आहे, आणि ऑर्किडच्या साऱ्या कथेत मला हा भाग सगळ्यांत विलक्षण वाटतो. ऑर्किडचं पिकलेलं बोंड तडकलं की आतून तपकिरीसारखी पूड उडते. ती पूड म्हणजे बिया. एका बोंडात हजारो, काही जातींत लाखोही. गव्हाच्या दाण्यात कोंबासाठी शिधा भरून ठेवलेला असतो, हरभऱ्यात असतो. ऑर्किडच्या बीमध्ये तो जवळजवळ नसतोच. पातळ टरफलात काही पेशींचा गोळा, एवढाच ऐवज. वाऱ्यावर दूर जायला हे सोयीचं, रुजायला मात्र जीवघेणं. बी जिथं पडेल तिथं ठरावीक जातीची बुरशी असावी लागते. ती बुरशी बीमध्ये शिरते आणि तिच्याकडून मिळणाऱ्या अन्नावर ते बी वाढू लागतं. बुरशी नसेल तर लाखो बिया पडून वाया जातात.

हे गूढ नोएल बर्नार या तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं १८९९ साली उकललं. जंगलात नुकतीच रुजलेली ऑर्किडची रोपं त्याला सापडली, आणि त्या प्रत्येकात बुरशीचे धागे होते. त्याआधी युरोपातले श्रीमंत लोक उष्ण देशांतून जहाजं भरभरून ऑर्किडं आणवत. ती फुलत, पण बियांपासून रोपं करायची युक्ती क्वचितच साधे, म्हणून पुन्हा जंगलं ओरबाडली जात. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नुडसन यांनी बुरशीऐवजी साखर आणि क्षार मिसळलेल्या अगारवर बी रुजवून दाखवलं आणि बाजार बदलला. आज दादरच्या किंवा पुण्याच्या फूलबाजारात दिसणारी जांभळी डेंड्रोबियम याच वाटेनं आलेली संकरित रोपं. त्यांतली बरीचशी फुलं थायलंडहून विमानानं येतात. हौसेनं ऑर्किड वाढवायचं असेल तर प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली रोपं रोपवाटिकेत मिळतात. रानातलं रोप काढून आणायला आता काहीही सबब उरलेली नाही. शिवाय रानातलं रोप आपण उचलतो तेव्हा त्याची बुरशी, त्याचं झाड, तिथली धुक्याची ओल आणि त्याच्याकडे येणारा कीटक हे सगळं मागेच राहतं. गॅलरीत टांगलेलं ते रोप एखादा हंगाम हिरवं राहतं आणि मग झुरून मरतं.

बुरशीवर आयुष्यभर विसंबून राहणारी ऑर्किडंही आहेत. एपिपोजियम रोझियम हे त्यांपैकी एक, आपल्या सह्याद्रीतही सापडणारं. त्याला पान नाही, हिरवा रंग नाही. कुजक्या पाल्यातून फिकट दांडा वर येतो, त्यावर फिकट फुलं लोंबतात आणि काही दिवसांत सगळं नाहीसं होतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला दाट रानात खाली मान घालून चालणाऱ्यालाच ते भेटतं.

मातीतल्या ऑर्किडांसाठी मी पंचांगातली नक्षत्रं जवळ ठेवतो. रोहिणी २५ मेच्या सुमारास, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला. इंग्रजी महिन्यांपेक्षा हे कोष्टक रानात जास्त उपयोगी पडतं, कारण गावकऱ्यांशी बोलताना पाऊस कधी पडला, भात कधी पेरलं याच्या खुणा याच नक्षत्रांत सांगितल्या जातात. रोहिणीत दोन-तीन जोरदार वळीव झाले की नर्विलियाकडे लक्ष ठेवायचं. हिचा कंद वर्षातला बराच काळ जमिनीखाली निपचित असतो. पहिल्या पावसानं एक नाजूक दांडा वर येतो, फुलं उमलतात आणि थोड्याच दिवसांत गळून जातात. तेव्हा पानाचा पत्ता नसतो. फळं झटपट पिकतात, बी उडून जातं, आणि मग कुठे कंदातून एकच पान वर येतं. उरलेला पावसाळाभर ते एकटं पान पुढच्या वर्षीच्या फुलांची बेगमी करतं. जुलैत गेलेल्या माणसाला फक्त पान दिसतं, मेअखेर गेलेल्याला फक्त फूल. जात नक्की ओळखायची तर दोन्ही हवीत. म्हणजे एकाच जागी दोनदा जायला हवं, आणि ती जागा पुन्हा सापडायला हवी. माझ्या वहीत अशा जागांच्या खुणा असतात: ओढ्याच्या कुठल्या अंगाला, कोणत्या हिरड्याच्या बुंध्यापासून किती पावलं. पाऊस लागला की रानाचा चेहरामोहरा बदलतो आणि मेमध्ये पाठ असलेली वाट जुलैत ओळखू येत नाही.

याच सुमारास अमरकंद, म्हणजे युलोफिया, जमिनीतून दांडे काढते. तिचे कंद आदिवासी भागांत खाण्यात आणि औषधात आहेत. पोटापुरते कंद काढणाऱ्यांनी रान कधी रिकामं केलं नाही. व्यापाऱ्यांच्या मागणीवर पोती भरली जातात तिथं मात्र पुढच्या वर्षी दांडे दिसत नाहीत.

मृग लागला की पठारांवर हॅबेनारिया येते. या वंशातली सगळ्यांत आधी भेटणारी जात हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. नाव तोंडात मावत नाही, झाड मात्र बोटभर. जमिनीला सपाट चिकटलेलं एक गोल पान, त्यातून उभा दांडा आणि वर एक ते तीन पांढरी फुलं. गवत अजून उठलेलं नसतं, म्हणून ती दुरूनही दिसते. महिन्याभरानं तीच जागा गवतानं झाकली जाते. या फुलापाशी गुडघे टेकून बसावं आणि भिंगातून सावकाश बघावं. बाहेरची तीन दलं, आतल्या तीन पाकळ्या. त्या तिघींतली एक वेगळी, रुंद, तीन भागांत विभागलेली. ही ओठपाकळी म्हणजे कीटकाला उतरायला केलेला ओटा. फुलाच्या मागे एक नळी खाली लोंबते, तिच्या तळाशी मध. मधोमध एक जाड दांडी, कारण पुंकेसर आणि स्त्रीकेसर इथं एकजीव झालेले असतात. परागकण सुटे नसतात, ते दोन पिवळ्या गोळ्यांत बांधलेले असतात आणि त्या गोळ्यांना चिकट तळ असतो. मधासाठी डोकं खुपसणाऱ्या पतंगाच्या डोळ्याला किंवा सोंडेला त्या चिकटतात आणि पुढच्या फुलापर्यंत जातात. आता फुलाच्या खालचा अंडाशय बघा. त्याला पीळ पडलेला दिसेल. कळीत ओठपाकळी वरच्या बाजूला असते. उमलताना फूल अर्धा फेरा घेतं आणि ओटा खाली येतो. बहुतेक ऑर्किडं उमलताना हा फेरा घेतात.

मागच्या नळीचा विषय निघाला की चार्ल्स डार्विनची आठवण काढावीच लागते. १८६२ साली त्याच्याकडे मादागास्करच्या एका ऑर्किडची फुलं आली. त्यांची मधाची नळी जवळजवळ २९ सेंटिमीटर लांब आणि मध फक्त तळाशी. इतक्याच लांब सोंडेचा पतंग मादागास्करमध्ये असला पाहिजे, असं त्यानं लिहून टाकलं. तशा पतंगाचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं १९०३ मध्ये, डार्विन गेल्यानंतर २१ वर्षांनी. आपल्या पठारांवरच्या हॅबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटाची नळीही बोटाहून लांब असते. संध्याकाळ झाली की तिच्या पांढऱ्या फुलांचा वास पसरू लागतो. पण पठारावर संध्याकाळपर्यंत थांबतं कोण? सगळे दुपारी फोटो काढून परततात. यंदा कुणी अंधार पडेपर्यंत तिथं थांबलं आणि फुलावर कोण येतं हे लिहून ठेवलं, तर ती नोंद कॅमेऱ्यातल्या शंभर फोटोंपेक्षा मोलाची ठरेल.

आषाढात खरा कस लागतो. झाडांच्या शेवाळलेल्या सालीवर पॉरपॅक्सची चपटी, जाळीदार सालपटानं झाकलेली कंदुकं असतात. उन्हाळ्यात ती दगडफुलाचा भाग वाटतात, पाऊस लागला की त्यांतून इवली पानं आणि गडद तांबूस फूल येतं. ओबेरोनियाची फुलं तर एक-दोन मिलिमीटरची. दहापट भिंगाशिवाय त्यांची ओठपाकळी दिसतच नाही, आणि जाती ओळखायच्या त्याच ओठपाकळीवरून. नवशिक्यांनी महागडा कॅमेरा घेण्याआधी भिंग घ्यावं असं मी नेहमी सांगतो.

श्रावण-भाद्रपदात कास, पाचगणी, मसाई या पठारांवर हॅबेनारियांची रांग लागते. हॅबेनारिया हेनियानाची पांढरी फुलं दांड्याच्या एकाच अंगाला ओळीनं बसतात, म्हणून तिचं टूथब्रश ऑर्किड हे नाव रूढ झालंय. हॅबेनारिया पाचगणीएन्सिस ही महाराष्ट्रातलीच, पाचगणीच्या नावानं ओळखली जाणारी. गवताळ उतारांवर वाघचौरा दिसला तर दिवस सार्थकी लागला म्हणायचा. कमरेइतकं किंवा त्याहून उंच झाड आणि तळहात झाकेल एवढी शुभ्र, झालरीची फुलं. कासचा समावेश २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला, पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांपैकी एक म्हणून. तेव्हापासून गर्दी प्रचंड वाढली, आणि आता आगाऊ नोंदणी करून जावं लागतं. मी तिथं गर्दीच्या रविवारी जायचं सोडलंय. जांभ्यावर मातीचा थर काही इंचांचाच असतो. कंद त्याच थरात असतात. एका माणसाचा बूट चुकीच्या जागी पडला तर फूल मोडतंच, शिवाय वाफशाची माती दाबली जाऊन कंदही गुदमरतो.

दसऱ्यानंतर लोक हंगाम संपला म्हणतात. डेंड्रोबियम बार्बाट्युलमचा तेव्हा सुरूही झालेला नसतो. थंडीच्या शेवटी, पानं गळून गेलेल्या नागड्या खोडांवर तिची पांढरी फुलं झुबक्यानं येतात. पुढे दक्षिण सह्याद्रीत कोटोनिया पेडंक्युलारिस फुलते, जिची मखमली ओठपाकळी हुबेहूब माशी बसल्याचा भास करून देते. गोव्याच्या आणि सिंधुदुर्गाच्या रानांत उन्हाळ्यात लांब दांड्यावर वाऱ्यानं हलणारी ती फुलं बघितली की क्षणभर खरंच कीटक वाटतो.

या वाटेवर आपल्याआधी चालून गेलेल्यांची पुस्तकं उन्हाळ्यात वाचावीत. जॉन ग्रॅहॅमनं मुंबई आणि परिसरातल्या वनस्पतींची यादी १८३९ मध्ये छापली. डाल्झेल आणि गिब्सन यांचा 'द बॉम्बे फ्लोरा' १८६१चा, थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. माझ्या टेबलावर कायम असतं ते मात्र सांतापाव आणि कपाडिया यांचं १९६६चं 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे'. फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव मूळचे स्पेनचे येशूसंघी धर्मगुरू. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्राच्या पिढ्या घडवल्या, आणि सह्याद्री पायी पालथा घातला. त्याच महाविद्यालयातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये, आणि पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेत, वाळवून कागदावर चिकटवलेले नमुने आहेत. प्रत्येकाच्या कोपऱ्यात ठिकाण आणि तारीख लिहिलेली. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या एखाद्या ऑगस्टात खंडाळ्याला कोणती हॅबेनारिया फुलली होती, हे त्या चिठ्ठीवरून आजही कळतं. पुढे सेसिल साल्दान्हा यांनी १९७४ मध्ये स्मिथसोनिया हा वंश मांडला, पश्चिम घाटाबाहेर न सापडणारा. अलीकडच्या काळात पुण्याचे अभियंते श्रीकांत इंगळहळीकर यांच्या 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री'नं २००१ पासून हजारो भटक्यांच्या पाठीवरच्या पिशवीत जागा मिळवली. वनस्पतिशास्त्राची पदवी नसलेल्या माणसालाही रानफूल नावानिशी ओळखता येतं, हा विश्वास त्या पुस्तकानं महाराष्ट्राला दिला.

तारीख आणि ठिकाण लिहिणं हीच या छंदातली सर्वांत मोठी कामगिरी आहे, असं माझं मत होत चाललंय. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. एरवी त्याची तारीख ११ जून. असं वर्ष आलं की कोणती जात पावसामागोमाग लगेच उमलली आणि कोणती आपल्या नेहमीच्या दिवसांची वाट बघत राहिली, हे दहा गावांतल्या दहा वह्यांतूनच समजणार आहे. त्यासाठी दुर्मीळ जातीच सापडायला हव्यात असं नाही. घराजवळच्या आंब्यावरच्या सीतेच्या वेणीचा पहिला तुरा कधी सुटला, शेवटचं फूल कधी गळलं, मधल्या दिवसांत पाऊस किती झाला, हे ओळीनं पाच वर्षं लिहिलं तरी पुष्कळ झालं.

सामान फार लागत नाही. वही, पेन्सिल, कारण पेनची शाई ओल्या कागदावर पसरते. दहापट भिंग. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, हात मोकळे राहतात. आंबोलीसारख्या ठिकाणी, जिथं वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, जळवांसाठी मीठ किंवा तंबाखू जवळ हवी. आणि एक ताकीद: जांभ्याच्या सड्यावर दगड उलथू नका, फुरसं असतं. वेलीच्या जाळीत हात घालण्याआधी नीट बघा, हिरवा चापडा पानांत दिसत नाही.

सापडलेल्या जागेचा बोभाटा करायचा नाही, हा आमच्यातला अलिखित नियम. फुलाचा फोटो जरूर दाखवा. पण नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकलं की आठवड्याभरात तिथं पायवाट पडते, आणि एखाद्या विक्रेत्याचा माणूसही येऊन जातो. आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर नोंद करताना ठिकाण झाकायची सोय असते, ती वापरा. जंगली ऑर्किडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारानं बांधलेला आहे, अख्खं कूळ त्याच्या परिशिष्टात आहे. अभयारण्यातून रोप उचलणं हा तर सरळ गुन्हा. तरीही सर्वांत मोठा घाव चोरांचा नाही, तो कुऱ्हाडीचा आहे. रस्ता रुंद करताना कडेचे शंभर वर्षांचे आंबे आणि जांभळं पडतात तेव्हा त्यांच्यावरची शेकडो ऑर्किडंही पडतात, आणि त्यांची मोजदाद कुठल्याच पंचनाम्यात होत नाही. बदल्यात लावलेल्या रोपट्याची साल ऑर्किडला धरण्याजोगी व्हायला कित्येक दशकं जातात.

म्हणून एक विनंती. येत्या रोहिणीत वळवाच्या वाऱ्यानं तुमच्या परड्यातली किंवा रस्त्याकडेची फांदी मोडून पडली आणि तिच्यावर राखाडी मुळांचा झुबका दिसला, तर तो सरपणात जाऊ देऊ नका. राखीव जंगलातली पडलेली फांदी तिथंच राहू द्या. आपल्या आवारातला झुबका मात्र सालीसकट काढून खरखरीत सालीच्या आंब्याला किंवा ऐनाला बांधा. नायलॉनची दोरी नको, काथ्याची घ्या, ती वर्षा-दोन वर्षांत आपोआप कुजून जाते. मुळं सालीला नीट टेकलेली असावीत, जागा अर्ध्या सावलीतली असावी, आणि पानांच्या बेचक्यात पाणी साचून राहणार नाही असा कल द्यावा. शेण, माती, खत काहीही घालू नका. मृगाचा पाऊस लागला की नवी मुळं फुटतात आणि सालीला धरतात.